इथं कुठं आलाय चढ?

धावड्यातून बाहेर पडणारा प्रत्येक रस्ता सपाट आहे. हे माझं मत नाही. माझ्या कृषी सेवा केंद्रात बियाणं, खत आणि उधारीची नवी तारीख घ्यायला येणाऱ्या प्रत्येक माणसाचं आहे.

"शेलूदचा रस्ता कसा आहे हो, पळायला?"

"एकदम प्लेन."

"अन् वालसावंगीचा?"

"त्याच्याहून प्लेन. चेंडू ठेवा शेठ, जागचा हलायचा नाही."

"मधी लवण आहे ना पण?"

"लवण आहे. चढ नाही."

लवण म्हणजे रस्ता ओढ्यात उतरतो आणि पलीकडे वर येतो ती जागा. जो रस्ता खाली उतरला तो वर येताना चढणारच, हे मी समजावून पाहिलं. "तसं धरलं तर मग सगळीकडंच चढ आहे," असं उत्तर आलं. मी तेच म्हणत होतो.

ही माणसं खोटं बोलणारी नाहीत. उधारीचा विषय सोडला तर त्यांच्या शब्दावर मी जमीन विकत घेईन. अडचण एवढीच, की त्यांनी हे रस्ते वर्षानुवर्षं मोटारसायकलवरून पाहिले आहेत. मोटारसायकलला चढ कळतो तो ट्रिपल सीट असताना, आणि मागचा खाली उतरला की तोही संपतो. उरलेला चढ मग तो मागचा माणूस पायी बघून घेतो. पण त्याला कुणी रस्त्याबद्दल विचारत नाही.

गावाचं नाव धावडा आणि तुम्ही धावता, हा विनोद बँकेच्या साहेबांनी, खताच्या कंपनीच्या प्रतिनिधीनं आणि माझ्या सासऱ्यांनी करून झालेला आहे. राहिलेल्यांनी कृपया तसदी घेऊ नये.

तर, मला सपाट रस्ता का हवा होता? दिवसभर गल्ल्यावर बसून माणसाचं जे होतं ते माझं झालं. रक्तात साखर वाढली, पँटचा हूक आणि मी यांच्यात अबोला आला. डॉक्टर म्हणाले, चाला. डोंबिवलीच्या मेहुण्याला हे समजलं तेव्हा त्यानं मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून माझं नाव थेट मुंबई मॅरेथॉनमध्ये घातलं. तेही पूर्ण. ४२ किलोमीटर १९५ मीटर.

"दाजी, जानेवारीला अजून वेळ आहे," तो म्हणाला. साखर वाढली होती माझी, हुरूप त्याला आला होता.

त्या शेवटच्या १९५ मीटरांचा मला खास राग आहे. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करायची आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायची असं ठरलं, आणि ते अंतर जेवढं भरलं तेवढं भरलं. १९२१ साली तेच जगभरासाठी कायम केलं. तिकडच्या राजघराण्याच्या बैठकीची सोय झाली, आणि तिचं बिल शंभराहून अधिक वर्षांनी भोकरदन तालुक्यातला एक खतविक्रेता घाम गाळून भरतोय.

मेहुण्यानं व्हॉट्सअॅपवर सरावाचं वेळापत्रक पाठवलं. त्यात रविवारची 'लांब पळ' होती आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: लांब पळ सपाट रस्त्यावरच करावी, चढउतार टाळावेत, गुडघ्यांवर ताण येतो. हे ज्यानं लिहिलं त्यानं अजिंठ्याचा डोंगर पाहिलेला नाही, आणि पाहिला असेल तर एसी गाडीतून.

आमचा हा डोंगर लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला तो आडवा, ऐसपैस पसरला. म्हणजे सपाटीची सोय निसर्गानं केली होती. फक्त ती वरच्या मजल्यावर केली आणि जिना खडा ठेवला. याच थरांत वाघूर नदीच्या वळणावर बौद्ध भिक्षूंनी लेणी कोरली. इथं फार पळता येणार नाही हे त्यांच्या वेळीच लक्षात आलं असावं. त्यांनी बसून ध्यान करायचा निर्णय घेतला.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाचं पाणी तापीला जातं, आमच्या अंगाचं दक्षिणेला पूर्णेकडे आणि पुढं गोदावरीला. रायघोळ, जुई, धामणा आणि त्यांना येऊन मिळणारे असंख्य नाले-ओढे सगळे एकाच दिशेनं निघालेले. अजिंठा–बुलढाणा रस्ता मात्र डोंगराच्या कडेकडेनं आडवा जातो. त्यामुळे प्रत्येक ओढ्याला तो वाकून नमस्कार करतो आणि पुन्हा उभा राहतो. मोटारीत बसलेल्याला हे पोटात जराशा गुदगुल्या झाल्यावर कळतं. मला ते मांड्यांत कळायचं. मेहुण्यानं पाठवलेलं जीपीएसचं घड्याळ घरी आल्यावर आज किती मीटर 'चढलात' ते दाखवायचं. सौ. ते वाचून म्हणायच्या, "एवढे चढलात तर वरून लिंबाचा पाला तरी आणायचा."

पहाटे पाचला आमच्याकडे रस्त्यावर जो पळतो तो भरतीवाला, हे ठरलेलं आहे. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर पळावं लागतं, म्हणून प्रत्येक गावाबाहेर पोरांनी अंतर मोजून दगडावर चुना मारलेला असतो. या पोरांनी तालुक्यातला सगळा बऱ्यापैकी सपाट रस्ता १६०० मीटरांच्या तुकड्यांनी आधीच वाटून घेतला आहे. मी त्यांच्या तुकड्यात शिरलो की त्यांचे चेहरे उतरायचे. एका जागेसाठी आधीच एवढे अर्ज, त्यात आता हे.

"काका, तुमची कोणती भरती?"

"भरती नाही. मॅरेथॉन."

"त्यात लागलं की कुठं पोस्टिंग?"

पोस्टिंग नाही, पगार नाही, उलट भरतीची फी आपणच द्यायची, हे ऐकल्यावर पोरं गप्प झाली. त्यातला एक जण मग फार समजूतदारपणे म्हणाला, "होईल काका काहीतरी." चहाच्या टपरीवर तोवर माझ्या वयावर दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, सरकारनं वयाची अट शिथिल केली. दुसऱ्याचं म्हणणं, होमगार्ड असेल.

बिनकामाचं पळणं ही गोष्ट आमच्या गावाला मुळात पटतच नाही. माणूस पळतो तो एसटीमागं, सुटलेल्या वासरामागं किंवा वावरात लाइट आल्याचं कळल्यावर. म्हणून गावानं माझ्या पळण्याला हळूहळू काम लावून दिलं.

"शेलूदकडं चालले का? मग आमच्या विहिरीवर बघा बरं, थ्री फेज आली का. आली असली तर तेवढं बटण दाबून द्या."

"पळू राह्यलेच आहात तर हा डबा बापूला द्या. शेवग्याच्या झाडाखाली असंल. सांडू नका, पातळ भाजी आहे."

हा बापू ज्या वावरात असायचा ते वावर दर वेळी टेकावर असायचं. एका रविवारी मी निघालो तेव्हा माझ्या एका हातात डबा, दुसऱ्यात फवारणी पंपाचा वॉशर आणि खिशात कुणाच्या तरी सुनेचं आधार कार्ड होतं, ते झेरॉक्स काढून आणायचं होतं. आधुनिक धावपटू कमरेला पाण्याच्या बाटल्या लावून पळतो असं मेहुणा सांगायचा. मी पातळ भाजी न सांडता आठ किलोमीटर पळालो. असा विक्रम कुठं नोंदवतात याची चौकशी करायला हवी होती.

पावसाळा सरला की एक नवीन अडचण येते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या भागात जिथं म्हणून डांबरी रस्ता सपाट असतो, तिथं मका वाळत असतो. शेतकऱ्याची नजर या बाबतीत कोणत्याही घड्याळाहून अचूक. दुकानात उभा राहून "सगळं प्लेन आहे" म्हणणारा माणूस मका पसरायची वेळ आली की बरोब्बर तेवढाच पट्टा निवडतो जिथून दाणा घरंगळत नाही. खरं सांगायचं तर सपाट रस्ते मला मक्यानंच दाखवले. रस्त्याची अर्धी बाजू पिवळी, कडेनं गाड्यांसाठी ओळीनं दगड मांडलेले, टोकाला छत्रीखाली एक म्हातारी. तिच्या शेजारी कुत्रं झोपलेलं. मक्यावर नाही, शेजारी, कारण मक्यावर झोपल्यावर काय होतं ते त्याला माहीत होतं.

मी मक्याला वळसा घालून कडेच्या खड्ड्यातून पळत होतो. म्हातारीनं हाक मारली.

"बाबा, खड्ड्यातून कशाला? मक्यातून पळ की."

मला भरून आलं. मग ती म्हणाली, "पाय घासत पळ. तेवढाच वरखाली होईल. माझ्याच्यानं आता दाताळं ओढवत नाही."

त्या तीनशे मीटरांच्या पट्ट्यात मी पाय घासत इतक्या वेळा गेलो-आलो की मधल्या वेळेत तिचा मुलगा आला, बसून बिडी ओढून गेला. जाताना म्हणाला, "उद्या सोयाबीन टाकतोय. पण बूट काढून या."

उत्तरेला पळावं तर जाळीच्या देवाचा रस्ता. महानुभाव पंथाचं हे मोठं स्थान, चक्रधर स्वामींच्या वास्तव्यानं पावन झालेलं. लांबलांबून लोक येतात. मनाच्या व्याधीनं गांजलेल्या आपल्या माणसाला घेऊनही कितीतरी कुटुंबं मोठ्या आशेनं इथं येतात. त्या रस्त्यावर एका सकाळी मी चढ चढून आलो होतो. केस विस्कटलेले, तोंड उघडं, नजर शून्यात, आणि वेळापत्रकातल्या सूचनेप्रमाणे तोंडानं मोठ्यानं आकडे मोजत श्वास सोडत होतो. समोरून येणाऱ्या एका बाईंनी नवऱ्याला थांबवलं. माझ्याजवळ आल्या आणि फार मायेनं विचारलं, "तुमच्या बरोबर कुणी नाही का, दादा? एकट्यालाच सोडलं?"

मी सांगितलं, मी रोज येतो, डोंबिवलीच्या मेहुण्यानं सांगितलंय.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मान हलवली. त्यांनी पिशवीतून केळं काढून माझ्या हातात दिलं आणि मी ते खाऊन संपेपर्यंत दोघं तिथंच उभे राहिले. वेळापत्रकातही त्या अंतरावर केळंच लिहिलेलं होतं, हा योगायोग.

शेवटी मला खरीखुरी सपाटी सापडली. शेलूदचं धामणा धरण. मातीच्या धरणाचा माथा हा या तालुक्यातला एकमेव भाग असावा जो सरकारी मोजमापानं सपाट केलेला आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवं रान, मधून सरळ भिंत. मी कडेवर दगड ठेवून फेऱ्या मोजायला लागलो. दोनचार किलोमीटर मजेत गेले. मग खालच्या वस्तीवरचे दोघं-तिघं वर आले.

आता इथं थोडा इतिहास आहे. २०१९च्या पावसाळ्यात या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं होतं आणि खालच्या गावांनी रात्री जागून काढल्या होत्या. तेव्हापासून भिंतीवर कुणी जोरात शिंकलं तरी खाली ऐकू जातं.

"शेठ, तुमचं वजन किती?"

मी सांगितलं. वजन कमी करून सांगायची जागा ती नव्हती.

त्यांनी आपसात हिशेब केला. "म्हणजे चाललात तर चालंल. पण हे असं धाड धाड…"

"अहो, एवढ्या मोठ्या धरणाला माझ्या पळण्यानं काय होणार?"

"होणार काही नाही. पण उद्या झालंच, तर नाव तुमचं येईल. अन् उधारी आमची तुमच्याकडं आहे, आम्हाला बोलता पण येणार नाही."

एवढ्या सभ्य शब्दांत मला कुणी कुठून घालवलेलं नाही. मी खाली उतरलो. उतरताना गुडघ्यांवर ताण आला.

सपाट रस्ता या राज्यात नाही असं नाही. समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जिथं डोंगर आला तिथं डोंगर कापून, जिथं लवण आलं तिथं पूल टाकून. बघितलं की डोळ्यांत पाणी येतं. पण तिथं दुचाकीलाही मज्जाव, पायी माणसाचा प्रश्नच नाही, आणि मोटारींना ताशी १२० ची मुभा. माझा वेग ताशी सात. माझ्या मनात आशा होती ती जालना–खामगाव रेल्वेची. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे रेल्वेची वाट ही नेहमीच मऊ चढउताराची असते हे मी वाचलं होतं. ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. दर निवडणुकीला तिला पालवी फुटते. आमच्याकडे मतं मागायला आलेल्या एका कार्यकर्त्याला मी म्हटलं, "रूळ नाही टाकले तरी चालेल. गाडी तर नकोच. नुसता भराव तेवढा करून द्या."

त्यानं वहीत लिहून घेतलं. 'भराव — शेठ.' पुढच्या आठवड्यात माझ्या दुकानासमोर कुणीतरी मुरमाची एक ट्रॉली ओतून गेलं.

मग एक युक्ती सुचली. पाणी जर दक्षिणेला वाहतं, तर मीही दक्षिणेला वाहीन. पिंपळगाव रेणुकाईच्या अंगानं भोकरदनकडे पळत सुटायचं, उतार उतार संपवायचा आणि येताना एसटीनं यायचं. पहिल्यांदा हे केलं त्या सकाळी मला वाटलं, गुरुत्वाकर्षणाचा शोध मीच लावला. हवा थंड, दोन्ही बाजूंना मिरचीची वावरं, पाय आपोआप पडताहेत. तोडणीला निघालेल्या बायकांनी डोक्याला रुमाल बांधता बांधता वळून पाहिलं. वाटेत मिरचीच्या गाड्या लागल्या, त्यांच्या मागून पळताना दर पाच पावलांना एक शिंक, त्या तालावर मी पुढं सरकत होतो.

परतीच्या एसटीत चढायला मला दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं. कंडक्टरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायात त्राण नाही, चेहऱ्यावर घामाचं मीठ वाळून पांढरं झालेलं, आवाज फुटत नाही. तो उठला, मला हाताला धरून बसवलं, आणि खालच्या पट्टीत विचारलं, "पंच्याहत्तर पूर्ण आहेत ना, बाबा? आधार असू द्या हातात. तिकीट लागत नाही."

मी सेहेचाळीस म्हणालो. त्यानं ते 'सेहेचाळीसचा जन्म' असं ऐकलं. म्हणाला, "मग तर झालेच की." गाडीत माझी दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनी खुलासा केला नाही. संध्याकाळपर्यंत गावात दोन बातम्या होत्या. एक, शेठची गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. दोन, शेठ म्हातारा म्हणून फुकट फिरतो.

या सगळ्यात माझी बाजू घेणारं घरात कुणी नव्हतं. फक्त आमचे एक चुलते होते, जुन्या खेळांचे शौकीन. माझी सपाट रस्त्याची तक्रार ऐकून त्यांनी चष्मा काढला. १९१९च्या सुमाराला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना दोराबजी टाटा आले होते. खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळाली. ती बघून दोराबजींनी मनावर घेतलं, आणि १९२० साली हिंदुस्थानचा चमू बेल्जियमला अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले. त्या वर्षी अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षाही जास्त. चौगुले २ तास ५० मिनिटांत आले आणि एकोणिसावे ठरले.

"त्यांनी सपाट रस्ता मागितल्याचं मी तरी कुठं वाचलं नाही," चुलते म्हणाले.

"काका, ते पैलवान माणूस…"

"बरं, आपल्या मराठवाड्यातलं घे. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे. लहानपणी शाळेला सहा किलोमीटर जायचा-यायचा. तीन हजार मीटरच्या त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे अन् सात वेळा पाण्यावरून उडी. २०२३ला एशियाडचं सुवर्ण आणलं त्यानं."

यावर मी म्हणालो की वालसावंगीच्या रस्त्यावर गतिरोधक, म्हशी आणि फुटलेली पाइपलाइन धरली तर पहिल्या तीन किलोमीटरांतच अठ्ठावीस आणि सात भरतात, आणि मी ते रोज करतो. चुलत्यांनी चष्मा परत घातला. "मग सुवर्ण कुठाय?" असं ते म्हणाले नाहीत, पण चष्मा तसाच घातला.

जानेवारीत मुंबईला गेलो. पळालो. मेहुणाही पळाला. वर्षभर ज्या सी लिंकवर पायी माणसाला उभं करत नाहीत, तिथून त्या दिवशी हजारो माणसं पळतात. मलाही पळू दिलं, कुणी वजन विचारलं नाही. मुंबईतल्या सगळ्या धावणाऱ्यांनी मला आधीपासून एकाच गोष्टीची भीती घातली होती: पेडर रोड. परतीच्या वाटेवर, पाय संपलेले असताना, पेडर रोडचा तो भयंकर चढ येतो. तिथं भलेभले बसतात. तिथं माणूस रडतो. मी मनाची तयारी करून पळत होतो. शेजारी एक तरुण होता, अंगावर चारपाच हजारांचे कपडे. अचानक तो थांबला आणि गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला, "आला. चढ आला."

मी पुढं पाहिलं, मागं पाहिलं. रस्ता होता.

"इथं कुठं आलाय चढ?" मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी ओळखली. ती माझीच होती. दुकानाच्या गल्ल्यावर बसून मी वर्षभर गिऱ्हाइकांकडे त्याच नजरेनं पाहत आलो होतो.

वेळेबद्दल विचारू नका. माझ्या मागून लगेच रस्ता वाहतुकीला खुला करणारी गाडी येत होती आणि तिचा चालक मला काच खाली करून धीर देत होता. पण पेडर रोडला मी चाललो नाही आणि मेहुणा चालला, ही घटना घरोघर पोचली. माझ्या सौंनी ती माहेरी स्वतः पोचवली.

मेहुण्याला ते लागलं. त्यानं ठरवलं, आता चढाचाच नाद करायचा. साताऱ्याला २०१२पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. भर पावसाळी दिवसांत लोक यवतेश्वरचा घाट पळत चढतात, कासच्या रस्त्याला लागतात आणि तिथून परत येतात. त्यासाठी पैसे भरतात. जागा पटकन भरतात, मिळाली नाही तर हळहळतात. मेहुण्याला मिळाली. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की डोंबिवलीत चढ नाही.

तो फोनवर रडकुंडीला आला होता. सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर पळायला लागला तर वॉचमननं सेक्रेटरीला बोलावलं. स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर वर पळत निघाला, तेवढ्यात वरून लोकलची गर्दी उतरली आणि त्याला न विचारता खाली फलाटावर परत घेऊन आली. उड्डाणपुलावर गेला तर ट्रॅफिक पोलिसानं हात जोडून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"दाजी, तुमच्याकडं चढ आहेत ना?"

"ये," म्हटलं.

यंदाच्या पोळ्याला आला. चकचकीत बूट, कपाळाला पट्टा, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी तोंडात. सकाळी सकाळी दुकानापाशी उभं राहून त्यानं जमलेल्या मंडळींना विचारलं, इथं सगळ्यात खडा चढ कुठं आहे?

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. "चढ? इथं कुठं आलाय चढ, पाहुणे?"

मेहुण्याचा चेहरा पडला. मी काहीच बोललो नाही. वर्षभराचं शिक्षण होतं ते, फुकट का द्यायचं? पण एक शेतकरी गर्दीतून पुढं आला. मक्याला द्यायला युरिया नेण्यासाठी आला होता. पोळ्याच्या दिवशी बैलांना कामाला लावत नाहीत. त्याचे बैल घरी आंघोळ करून, शिंगं रंगवून, झूल पांघरून उभे होते, आणि त्याचं वावर बरडावर, अगदी डोंगराच्या पोटाशी.

"तसं आमच्या वावराकडं थोडं चढतं आहे," तो विचार करत म्हणाला. "पण मोकळं पळून काय कळणार नाही तुम्हाला."

युरियाची गोणी ४५ किलोची असते. मेहुण्यानं ती खांद्यावर घेतली तेव्हा तो हसत होता, कारण त्याच्या त्या वेळापत्रकात 'वजन घेऊन चढाचा सराव' असा एक प्रकार होता आणि शहरात त्याचे वेगळे पैसे पडतात. दुपारी तो परत आला तेव्हा खांदे सोलवटले होते, नळी तोंडातच होती आणि पिशवीतलं पाणी केव्हाच संपलं होतं. आईनं त्याला ओसरीवर बसवलं, वाटीत हळद आणि तेल घेतलं आणि दोन्ही खांदे चोळून दिले.

"बैलांची खांदेमळणी कालच झाली," ती म्हणाली. "तू आदल्या दिवशी यायला पाहिजे होतं."

संध्याकाळी बैल मिरवून झाल्यावर तो शेतकरी आमच्याकडे आला. हातात झाकलेलं ताट, त्यात पुरणपोळ्या, वर तुपाची धार. बैलांना दिल्या, म्हटलं पाहुण्यांनाही द्याव्यात. मेहुणा उठायला गेला, ते जमलं नाही, त्यानं बसूनच नमस्कार केला. शेतकऱ्यानं ताट खाली ठेवलं, पाहुण्याचे पाय, मांड्या, खांदे नीट न्याहाळले आणि मला थोडं बाजूला घेऊन विचारलं,

"शेठ, किती दिवस आहेत हे? म्हणजे, अजून सहा गोण्या राह्यल्यात."